दाखल्याची मुदत आणि हातांचा सराव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका अभियांत्रिकी कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून माझ्या उमेदीची सर्व वर्षे गेली, आणि त्या पदाकडे जी लहानमोठी कामे शिरस्त्याने चालत आली होती, त्यांत प्रथमोपचाराच्या दाखल्यांचे नूतनीकरण हे एक होते. कॅन्टीनचे दर, गणवेशाचे कापड, रजेच्या अर्जांवरील शेरे आणि पतपेढीच्या हप्त्यांविषयीच्या तक्रारी यांच्या गर्दीत हे काम इतके साधे आणि कारकुनी स्वरूपाचे दिसे की, बहुतेक कारखान्यांत ते एखाद्या लेखनिकाकडे सोपविलेले असते. मुदत संपत आली की जवळ सापडेल त्या ठिकाणी माणसे पाठवावीत, नवे दाखले आणून फाइलला लावावेत आणि तपासणीस निरीक्षक आले म्हणजे त्यांच्यापुढे ठेवावेत, एवढीच त्याची व्याप्ती समजली जाते. परंतु या कामाशी माझा परिचय जसजसा वाढत गेला, तसतशी माझी अशी खात्री होत गेली की, दाखला कोठून घ्यावयाचा हा कल्याण अधिकाऱ्यापुढे येणाऱ्या अत्यंत गंभीर प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे. कारण पुढे केव्हातरी, कोणत्या तरी पाळीत, जमिनीवर कोसळलेल्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसणाऱ्या सहकाऱ्याच्या हातांना काय करता येईल, हे बव्हंशी त्या एका निर्णयाने ठरलेले असते.

ज्या कायद्याच्या छायेत माझी नोकरी झाली, त्या 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 45 व्या कलमात या बाबतीतील तरतूद मोजक्या शब्दांत केलेली होती. दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी, ती पेटी राज्य शासनाने मान्य केलेला प्रथमोपचाराचा दाखला धारण करणाऱ्या स्वतंत्र आणि जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, ती व्यक्ती कामाच्या वेळेत सदैव उपलब्ध असावी, आणि जेथे 500 हून अधिक कामगार असतील तेथे सुसज्ज ॲम्ब्युलन्स रूम असावी, असा तिचा आशय. या कलमात पेटी आहे, दाखला आहे, तसाच माणूसही आहे. आणि 'सदैव उपलब्ध' या अटीचा अर्थ नीट लक्षात घेतला तर कायद्याला मुख्यतः तो माणूसच अभिप्रेत होता, हे ध्यानी येते. तिसऱ्या पाळीत, पहाटेच्या सुमारास, डॉक्टर घरी आणि साहेब झोपेत असताना, यंत्राच्या शेजारी जो हजर असतो तोच खरा प्रथमोपचारक. त्याच्या खिशातील कागद अस्सल आहे की नाही हे निरीक्षकाला पाहता येते; त्याचे हात अस्सल आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी मात्र त्याला शिकावयास पाठविणाऱ्यावर येऊन पडते.

एकदा शिकलेल्या माणसाने तेच पुन्हा कशासाठी शिकावयाचे, हा प्रश्न उत्पादन विभागाच्या बैठकीत मला नेहमी विचारला जाई, आणि तो वाजवी प्रश्न होता. कारण कुशल माणसे एक दिवस यंत्रावरून उठविणे म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला माझ्याहून अधिक ठाऊक असे. या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला आमच्या टूलरूममधील एका ज्येष्ठ फोरमनकडून मिळाले. तरुणपणी रेल्वेच्या कार्यशाळेत असताना त्यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि 'होल्गर नील्सन पद्धत' त्यांना अजून मुखोद्गत होती. श्वास थांबलेल्या माणसाला पालथे निजवावयाचे, त्याच्या डोक्याशी गुडघा टेकून पाठीवर तळहातांनी दाब द्यावयाचा आणि मग त्याची कोपरे धरून हात आपल्याकडे उचलून घ्यावयाचे, ही डेन्मार्कमधील एका सेनाधिकाऱ्याची 1932 ची पद्धत जगभर मान्यता पावलेली होती. तिच्याही आधी शेफर यांची 1903 ची पद्धत प्रचारात होती. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस पीटर साफर यांनी तोंडाने दिलेला श्वास या साऱ्या पद्धतींहून अधिक परिणामकारक असल्याचे दाखविले, आणि 1960 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, केवळ बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, असा प्रबंध प्रसिद्ध केला. या दोन शोधांच्या संयोगातून आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ती क्रिया सिद्ध झाली.

ती सिद्ध झाल्यावरही स्थिर राहिली नाही. 15 दाबांमागे दोन श्वास हे प्रमाण 2005 मध्ये 30 दाबांमागे दोन श्वास असे झाले. 2010 मध्ये क्रमच पालटला, आणि आधी श्वासमार्ग व श्वास पाहणारा प्रथमोपचारक आता आधी छातीवर दाब देऊ लागला. सर्पदंशाच्या जागी छेद देऊन रक्त काढावे, वर करकचून दोरी बांधावी, हे जे एकेकाळी जाणती माणसे प्रामाणिकपणे करीत, ते आता निषिद्ध ठरले आहे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, रोग्याला चालू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरेने नेणे हाच आजचा मार्ग. तेव्हा आमच्या त्या सज्जन फोरमनच्या हाती कोणी बेशुद्ध माणूस सापडला असता, तर त्यांनी आपल्या पूर्ण निष्ठेने त्याला पालथे निजविले असते, आणि त्यांची निष्ठा त्या माणसाच्या मुळीच उपयोगी पडली नसती. ज्ञान बदलते म्हणून दाखल्याला मुदत असते, हे उत्तराचे अर्धे अंग झाले. दुसरे अंग असे की, हात विसरतात. सीपीआरचे कौशल्य शिकल्यानंतर थोड्याच महिन्यांत क्षीण होऊ लागते, हे या विषयातील जाणकारांनी वारंवार नोंदविले आहे. माणसाला क्रम आठवतो, परंतु दाबाची खोली आणि गती निसटून जाते.

पुनर्परीक्षेचे हे महत्त्व जुन्या पद्धतीत किती आदराने ओळखले होते, ते त्याच फोरमननी मला दाखविले. 1877 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनच्या परंपरेत पहिल्या परीक्षेनंतर दाखला, दुसऱ्या परीक्षेनंतर व्हाउचर, तिसरीनंतर मेडॅलियन आणि त्यापुढील प्रत्येक उत्तीर्ण परीक्षेला त्या मेडॅलियनशी जोडावयाचे लेबल, अशा पायऱ्या असत. कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत जपलेले आपले मेडॅलियन त्यांनी माझ्या हातावर ठेवले, तेव्हा त्या लहानशा धातूच्या चकतीमागचा विचार मला फार मोलाचा वाटला. नव्याने शिकणाऱ्यापेक्षा पुन्हा परीक्षेस बसणाऱ्याचा सन्मान जेथे अधिक केला जातो, तेथे नूतनीकरण हा दप्तरी उपचार राहत नाही. अभ्यासाच्या या संस्कृतीपासून आपण किती दूर आलो आहोत, हे मला पुढे निरनिराळ्या ठिकाणांची पाहणी करताना दिसावयाचे होते.

त्या पाहणीची निकड अशी निर्माण झाली की, एका वर्षी आमच्या बऱ्याच प्रथमोपचारकांच्या दाखल्यांची मुदत एकाच सुमारास संपत होती, आणि मी खर्चाची मंजुरी मागितली असता खरेदी विभागाने आपल्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागविण्याचा आग्रह धरला. तीन दरपत्रकांतील लघुतम दर स्वीकारावयाचा, हा नियम बोल्ट, तेल आणि हातमोजे यांच्या बाबतीत योग्यच आहे, कारण तेथे मालाची प्रत आधी ठरलेली असते व तिची तपासणी करणारा विभाग असतो. प्रशिक्षणाच्या दरपत्रकावर प्रत लिहिलेली नसते. तिन्ही कागदांवर 'प्रथमोपचार व सीपीआर प्रशिक्षण, दाखल्यासह' एवढाच मजकूर होता. एका ठिकाणी त्याचा अर्थ दोन तासांचे व्याख्यान असा होता, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण अभ्यासक्रम आणि परीक्षा असा होता, आणि दराच्या रकान्याकडे पाहून हा भेद कोणालाही कळण्यासारखा नव्हता. यास्तव मी व्यवस्थापकांना विनंती केली की, निर्णयापूर्वी मला प्रत्येक ठिकाणी जाऊन एक वर्ग मागे बसून पाहू द्यावा. ती विनंती त्यांनी मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

ज्यांचा दर सर्वांत कमी होता, त्यांचा वर्ग एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात भरलेला होता. वक्ते वाक्पटू होते, पडद्यावरील चित्रे रंगीत होती, आणि निरनिराळ्या कारखान्यांतून आलेली दीडशेच्या आसपास माणसे शिस्तीने ऐकत होती. व्यासपीठावर टेबलावर एक डमी ठेवलेली होती. व्याख्यानाच्या शेवटी वक्त्यांनी तिच्यावर दाब देऊन दाखविला, पुढच्या रांगेतील चारदोन माणसांना बोलावून त्यांच्याकडूनही तो देवविला, छायाचित्रे झाली, आणि चहाबरोबर दाखले वाटण्यात आले. त्यांवरील नावे हजेरीपटावरून आधीच लिहून तयार होती. जो माणूस त्या दिवशी आला आणि ज्याने डमीला हातही लावला नाही, त्याच्याही हाती तोच कागद पडला. त्या दाखल्याला निरीक्षकाने हरकत घेतली असती की नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या हीट ट्रीटमेंट विभागाची रात्रपाळी उभी राहिली, आणि तो दर पत्करणे आपल्याला शक्य नाही, हे मी तेथेच ठरविले.

दुसरे ठिकाण एका मोठ्या रुग्णालयाचे प्रशिक्षण केंद्र होते, आणि तेथे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीने शिकविले जाई. वैद्यकीय व्यवसायातील लोकांसाठी बीएलएस आणि इतरांसाठी हार्टसेव्हर असे त्यांचे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत, त्यांच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असते, आणि 2019 पासून प्रौढांच्या सीपीआरच्या वर्गात दाबाची गती व खोली मोजून दाखविणारे साधन वापरलेच पाहिजे असा त्यांचा दंडक आहे. त्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर डम्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक डमीभोवती दोघेतिघेच शिकणारे होते. शिकविणाऱ्या बाई बोलत थोडे आणि वाकून पाहत अधिक.

प्रेसशॉपमध्ये काम करण्यास शोभेल अशा दणकट बांध्याचा एक मनुष्य दाब देत होता. सुरुवातीचे पाच-दहा दाब त्याने केवळ मनगटाच्या बळावर, कोपरात वाकून दिले, आणि डमीच्या कडेचा दिवा काही हिरवा होईना. बाईंनी त्याच्या कोपराला हात लावून ते ताठ केले. "दादा, हातातनं नाही, खांद्यातनं या. शरीराचं वजन खाली येऊ द्या." तसे करताच दाब खोल गेला, पण आता वर येताना त्याचे तळहात छातीवर रेलून राहू लागले. "वर पूर्ण येऊ द्या छाती. ती वर आली नाही तर हृदयात रक्त भरणार कुठनं? भरलंच नाही तर तुम्ही ढकलणार काय?" मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच सेंटिमीटरहून कमी नाही आणि सहाहून अधिक नाही अशा खोलीचा दाब देता देता दीड मिनिटातच त्या बलदंड माणसाच्या कपाळावर घाम जमला, दिवा पुन्हा पिवळा पडू लागला, आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलावयाचा असतो, हे कोणी न सांगता त्या खोलीतील प्रत्येकाला समजले. दम खात त्याने विचारले, "मॅडम, बरगडी मोडली तर?" बाई म्हणाल्या, "मोडू शकते. मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी पुढं जुळते, दादा. हात काढून घेतलेत तर माणूस जातो." आणि त्याला त्यांनी पुन्हा डमीजवळ बसविले. त्याचे तिसऱ्यांदा नीट जमले, तेव्हाच पुढच्या माणसाची पाळी आली.

तिसरे ठिकाण सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे. तेथील दाखल्याची मुदत तीन वर्षांची, आणि अभ्यासक्रमाचा विस्तार फार मोठा: रक्तस्राव, अस्थिभंग, भाजणे, विषबाधा, सर्पदंश, अपस्मार, विजेचा धक्का, घशात घास अडकणे, त्रिकोणी पट्टीचे नाना उपयोग आणि रोग्याला उचलून नेण्याच्या पद्धती, असे सर्व त्यात येते. जुन्या शिरस्त्याप्रमाणे शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही त्यातील मला विशेष आवडलेली गोष्ट. याखेरीज भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने 2017 मध्ये भारतीय परिस्थितीसाठी जी पुनरुज्जीवनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांतील 'कोल्स' ही केवळ छातीवरील दाबाची पद्धत सर्वसामान्य माणसाला थोडक्या वेळात शिकविण्याचे कार्य अनेक भूलतज्ज्ञ डॉक्टर करीत असतात, हेही मला या पाहणीत कळले.

आता यांतून एक निवडावयाचे म्हटल्यावर माझ्या असे ध्यानात आले की, उत्तम ठिकाण कोणते, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तरच नाही. ज्याच्या जागी जो धोका, त्याप्रमाणे त्याचे ठिकाण ठरावयास हवे. अकस्मात हृदय थांबून कोसळलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून त्याला केवळ दाबानेही मोठा आधार मिळतो. परंतु वायूने गुदमरलेल्या, पाण्यात बुडालेल्या माणसाच्या किंवा लहान बालकाच्या बाबतीत प्राणवायूच संपलेला असतो, आणि तेथे श्वास देता आला पाहिजे. आमच्याकडे सांडपाण्याची टाकी होती आणि भट्ट्यांखालचे खड्डे होते. त्या विभागातील माणसांना दाबाबरोबर पॉकेट मास्कने श्वास देणे आणि त्याहीपूर्वी, मुखवट्यावाचून व दोरीवाचून खाली उतरावयाचे नाही हा नियम, ही दोन्ही शिकणे अपरिहार्य होते, कारण एकाला वाचविण्यास उतरलेला दुसरा तेथेच पडतो. विद्युत विभागात विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडण्याचे भय अधिक, म्हणून तेथील लोकांना आधी मेन स्विच बंद करणे आणि मग ती लय पूर्ववत करणारे एईडी यंत्र वापरणे सरावाचे झाले पाहिजे होते. आणि मशीनशॉपमधील जे असंख्य कामगार रोज खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील गावांहून येत, त्यांना साप, विळा, विहीर आणि चूल यांच्याशीही गाठ होती; त्यांच्यासाठी प्रथमोपचाराचे ते विस्तृत शिक्षण कारखान्याइतकेच घरीही मोलाचे होते.

म्हणून माझी दरखास्त अशी गेली की, विद्युत आणि भट्टी विभागातील माणसांना रुग्णालयाच्या केंद्राकडे पाठवावे, पेट्यांच्या इतर सर्व प्रभारींनी सेंट जॉनचा पूर्ण अभ्यासक्रम परीक्षेसह करावा, आणि भूलतज्ज्ञ डॉक्टरांना आमंत्रण देऊन कारखान्याच्या आवारातच सर्व पाळ्यांतील कामगारांना, सुरक्षारक्षकांना आणि कॅन्टीनच्या नोकरांना दाबाची क्रिया शिकवावी. खर्च लघुतम दराच्या कितीतरी पट होता. त्या दरखास्तीला जोडलेल्या टिपणात मी एवढेच लिहिले की, हृदय थांबल्यानंतर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आपल्या राज्यात आहे ही मोठीच सोय आहे, परंतु सायंकाळी पाळी सुटण्याच्या वेळी नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंतचा रस्ता व्यवस्थापनातील प्रत्येक सभासद रोज पाहत असतो. त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे आपल्याच माणसांच्या हातांनी भरून काढावयाची आहेत, आणि आपण जे विकत घेत आहोत, ते म्हणजे ती मिनिटे. दरखास्त काही काटछाट न होता मंजूर झाली.

ठिकाण निवडताना आणखी दोन गोष्टींची मी कटाक्षाने चौकशी केली, आणि अशी चौकशी फारसे कोणी करीत नाही म्हणून त्यांचा येथे उल्लेख करतो. पहिली गोष्ट भाषेची. ज्या आणीबाणीत माणसाला विचार करण्यास अवसर नसतो, त्या वेळी त्याला आठवावयाचे शब्द त्याच्या बोलीतले असले पाहिजेत. इंग्रजी आद्याक्षरांच्या सूत्रांनी शिकविलेला क्रम परीक्षेपुरता टिकतो. म्हणून मराठी बोलणाऱ्यांना मराठीत आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांना हिंदीत शिकविणारे, आणि शंका त्यांच्याच भाषेत ऐकून घेणारे प्रशिक्षक मी मागून घेतले. दुसरी गोष्ट संकोचाची. आमच्या जुळणी विभागात बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि बेशुद्ध स्त्रीच्या छातीवर हात ठेवण्यास पुरुष कचरतात, त्यामुळे मदतीस विलंब होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. एका वर्गात शिकविणाऱ्या बाईंनी या विषयाला स्वतःहून हात घातला. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावयाची असते, रोगी पुरुष असो वा स्त्री त्या जागेत फरक पडत नाही, हे त्यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र वर्गात शांतपणे करून दाखविले, आणि मग जुळणी विभागातील एका प्रौढ भगिनींना पुढे बसवून त्यांच्याकडून करवून घेतले. त्या दिवसानंतर त्या विभागातील पेटी एका स्त्रीच्या ताब्यात राहिली.

या शिक्षणाचा प्रत्यय मला पुढील वर्षी आला, आणि तो हृदयाच्या नव्हे, भाजण्याच्या प्रसंगी आला. क्वेंचिंगच्या टाकीतील तापलेले तेल उसळून एका तरुण ऑपरेटरच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत पडले. मी तेथे पोहोचलो तेव्हा पेटीचा प्रभारी असलेला फिटर त्या तरुणाचा हात वाहत्या नळाखाली धरून उभा होता. बोटातील अंगठी आणि मनगटावरील घड्याळ त्याने सूज येण्यापूर्वीच काढून ठेवले होते. भोवती गर्दी जमली होती. कोणी बर्फ आणला होता, कोणी टूथपेस्टची नळी, कोणी हळद, आणि पर्यवेक्षक चढ्या आवाजात मलम लावून गाडी काढण्यास सांगत होते. फिटर हुद्द्याने त्या सर्वांहून कनिष्ठ होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळविली आणि म्हणाला, "साहेब, वीस मिनिटं पाणी. गाडी दारात येऊन उभी राहू द्या, मी हात काढणार नाही." आणि खरोखरच त्याने वीस मिनिटे हात काढला नाही, नंतर स्वच्छ ओलसर कापडाने तो सैल झाकला आणि स्वतः बरोबर बसून रुग्णालयात नेला. त्या हाताला जखम झाली, पण ती वरवरच्या थरात राहिली, आणि लवकर थंड केल्यानेच ती खोल गेली नाही, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. पर्यवेक्षकाच्या आज्ञेपुढे न डगमगण्याचे ते बळ त्या फिटरला परीक्षकाच्या प्रश्नांनी दिले होते. 'का' हे विचारून ज्याची परीक्षा घेतली गेली आहे, त्याला गर्दीच्या आग्रहापुढे आपले ज्ञान सोडून द्यावेसे वाटत नाही.

तथापि चांगल्या ठिकाणचे नूतनीकरणही दोन किंवा तीन वर्षांतून एकदाच होते, आणि हात तर काही महिन्यांतच विसरतात. यास्तव आम्ही एक डमी विकत घेऊन ॲम्ब्युलन्स रूममध्ये ठेवली, आणि दर तिमाहीला प्रत्येक प्रभारीने पाळी सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे तिच्यावर दाब देऊन नोंदवहीत सही करावी, असा शिरस्ता घातला. स्टाव्हांगर या नॉर्वेतील गावी खेळणी बनविणाऱ्या ओस्मुंड लॅर्डाल यांनी 1960 च्या सुमारास अशी पहिली बाहुली घडविली, ती याचसाठी की, जिवंत माणसाच्या छातीवर सराव करता येत नाही आणि सरावावाचून ही विद्या येत नाही. एरव्ही आपापल्या कामात गढलेली माणसे त्या दोन मिनिटांसाठी येत, गुडघे टेकीत, एकमेकांचा दाब पाहून "खोल जात नाही, भाऊ" असे सांगत, आणि हळूहळू त्या खोलीची भीती नाहीशी झाली.

आज कारखान्याबाहेरही, गृहनिर्माण संस्था, शाळा, व्यायामशाळा, गिर्यारोहण मंडळे आणि देवस्थानांच्या व्यवस्थापक समित्या आपल्या माणसांना हे शिक्षण देऊ लागल्या आहेत, आणि रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसी चौकशीचे आणि फिर्यादीचे जे भय वाटे, ते 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने पुष्कळसे दूर केले आहे. अशा सर्वांनी दाखला घेण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. एका डमीमागे माणसे किती? प्रत्येकाला पूर्ण दोन मिनिटे, दमेपर्यंत, दाब देऊ देणार का? खोली आणि गती मोजण्याचे साधन आहे का? आमच्या जागी जो धोका आहे, त्याचा समावेश अभ्यासात आहे का? शिकविण्याची भाषा कोणती? आणि शेवटी, ज्याला जमत नाही त्याला तुम्ही दाखला नाकारता का? या शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याच्याकडे जाऊ नये. जमिनीवर पडलेल्या माणसाला आपला प्रथमोपचारक निवडता येत नाही. जो जवळ असेल तोच त्याच्या वाट्याला येतो, आणि त्याच्या वतीने ही निवड आपण आधीच, शांत चित्ताने करून ठेवावयाची असते. म्हणून ज्या ठिकाणी "अजून जमलेलं नाही, पुन्हा करा" असे स्पष्ट सांगणारा शिक्षक भेटतो, ते ठिकाण दूर असो, त्याचा दर अधिक असो, त्यासाठी यंत्र एक दिवस बंद राहो. दाखला तेथूनच घ्यावा.